फ्रीज रिकामा, डबे भरलेले: बहुतेक शाकाहारी जेवणासाठी किराणा कसा भरता?

पाटावरवंटा :
नवीन घरात आलोय, दोघंच. दोघंही मासेखाऊ, पण मासे फक्त रविवारी, मध्ये एखाद्या दिवशी अंडी, बाकी आठवडा शाकाहारी. घरी पोचायला साडेआठ-नऊ होतात. तोवर कोपऱ्यावरचा भाजीवाला ताडपत्री टाकून गेलेला असतो, आणि सारखं बाहेरून मागवून खायचा आता वीट आलाय. भाजीची एक काडी घरात नसली तरी अर्ध्या-पाऊण तासात नीट जेवण ताटात पडावं, असा किराणा भरायचा आहे.

नेटवरच्या याद्या वाचून झाल्या. त्यात किन्वा, ऑलिव्ह, डबाबंद टोमॅटो आणि तीन प्रकारचा पास्ता. मला आमटी-भात, उसळ, पिठलं, थालीपीठ या वळणाचं हवंय. आमच्याकडे दोन फळ्या, एक ट्रॉली आणि फ्रीझरचा एक कप्पा आहे, त्यामुळे "सगळं थोडं थोडं ठेव" असं कृपया सांगू नका.

सध्या घरात तांदूळ, कणीक, तूर डाळ, पोहे, रवा, चहा-साखर आणि सासूबाईंनी दिलेला मालवणी मसाला आहे. पुढे काय घेऊ?

खलबत्ता :
वस्तूंची यादी करायला बसलीस तर दुकानदाराचं भलं होईल. आधी जेवणांची यादी कर. भाजी लागत नाही आणि तुम्ही दोघं आवडीनं खाता असे सात-आठ प्रकार कागदावर लिही. लोक काय खायला हवं ते लिहितात आणि मग नाचणीचं पीठ वर्षभर फळीवर बसून राहतं.

आमच्या घरचे सांगते. वरण-भात-मेतकूट, मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी, पिठलं-भाकरी, आमसुलाची आमटी, मटकीची उसळ, थालीपीठ, गोळ्यांची आमटी, तिखटमिठाचा सांजा. आता हे उलटं वाचत जा. तूर, मूग आणि हरभरा डाळ, मटकी, बेसन, भाजणी, रवा, मेतकूट, आमसूल, गूळ, गोडा मसाला, शेंगदाणे. एवढ्यात आठही होतात. गोळ्यांसाठी हरभरा डाळ भिजवायची राहिली तर बेसनाचेही गोळे सोडता येतात, चवीत फरक पडतो पण जेवण अडत नाही.

दुसरं म्हणजे, कच्चं धान्य डबे भरभरून ठेवलंस तरी रात्री नऊला ते कामाचं नाही. मटकी सकाळी भिजत घालायला हवी होती, हे नऊ वाजता आठवून काय करणार? त्या वेळी हाताशी हवं भाजलेलं, दळलेलं, मोड आलेलं. मेतकुटातल्या डाळी, तांदूळ, गहू भाजून दळलेले असतात म्हणून ते भातावर तसंच घेता येतं. थालीपिठाचंही तेच, भाजायचं अर्धं काम आधीच उरकलेलं असतं. रवा आणला की मंद आचेवर कोरडाच भाजून गार करून भर. किडेही लवकर होत नाहीत आणि सांजा दहा मिनिटांत होतो. दाणे भाजून, सालं काढून ठेव, कूट मात्र आठवड्यापुरतंच कर, जास्त केलंस की खवट होतं.

भाजणी विकत मिळते, पण घरची करायची असेल तर माझं माप असं: ज्वारी २ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, गहू १, हरभरा डाळ १, सालीचे उडीद अर्धी, मूग अर्धी, धणे अर्धी, जिरे पाव वाटी. प्रत्येक धान्य वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं की बाजरी करपते आणि हरभरा डाळ कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावर दळायला दे.

पाटावरवंटा :
खलबत्ताताई, हे उलटं वाचणं झकास आहे. आज रात्री दोघं बसून लिहितो. मेतकूट माझ्या डोक्यात आजारपणातलं होतं, रोजच्या जेवणातलं नव्हतं.

दर्यावर्दी :
मालवणी घर आणि फळीवर सोडे नाहीत? सुकट, सोडे, जवळा हे आमच्याकडचं पहिलं वाळवण. बाकीचं सगळं मागाहून.

पाटावरवंटा :
दर्यावर्दी, आहेत हो, बरणीवर बरणी लावून ठेवलेत. पण धाग्याच्या नावातलं "बहुतेक" हे त्यांच्यासाठीच आहे. सोमवार ते शनिवार त्या बरणीकडे बघायचं नाही, असं ठरलंय.

दर्यावर्दी :
मग काळा वाटाणा ठेवा. रात्री भिजवा, दुसऱ्या दिवशी कुकरला लावा आणि तुमचा तो मालवणी मसाला आणि भाजलेल्या कांदाखोबऱ्याच्या वाटणात सांबारं करा. सोबत आंबोळी किंवा नुसता भात. आमच्याकडे कट्टर मासेखाऊही या दिवशी कुरकुर करत नाहीत. आणि कुळथाचं पीठ. दोघांना ४ चमचे पीठ अडीच वाट्या पाण्यात आधी कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका. फोडणीत ठेचलेला लसूण आणि लाल तिखट, वर ते कालवण, दोन-तीन आमसुलं, मीठ. ढवळत ढवळत उकळी आणली की झालं. कुकर नको, काही नको. पावसात याच्यासारखं दुसरं नाही.

तिरफळ :
गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे शिवराक म्हणजे शाकाहारी जेवणाचे वार ठरलेले, त्यामुळे मासे खाणाऱ्या घरातही या फळीची तयारी असतेच. माझ्याकडे कायम अळसांदे, मूग आणि वाटाणे असतात. अळसांदे म्हणजे आमची चवळी, तुमच्या बाजारातल्या चवळीपेक्षा दाणा मोठा. यातलं काहीही शिजवलं आणि नारळाच्या वाटपात घातलं की तोंडाक, म्हणजे आमची रस्सा-उसळ. सोबत सोलां (आमसुलं) घालून सार नाहीतर सोलकढी.

खरी अडचण नारळाची. रात्री नारळ फोडून खवणार कोण? रविवारी दोन नारळ खवून लहान लहान पाकिटांत फ्रीझरला टाक. एका पाकिटात एका वेळचंच, नाहीतर दगडासारखा गोळा फोडत बसशील. तिरफळं डब्यात ठेवशील तर बिया काढून ठेव, काळं बी कचकचतं, चव सालीची असते. पाटावर वाटू नये, ठेचून आमटीत शेवटी घालावीत.

शंकासुर :
जरा उलट बोलतो. वर्षाचं धान्य भरायची पद्धत वाड्यात कोठीची खोली होती आणि दिवसभर घरात तीन बायका राबत होत्या तेव्हाची. दोन फळ्यांच्या फ्लॅटमध्ये पाच कडधान्यं आणि चार पिठं भरली की तीन महिन्यांनी किड्यांची पैदास होते. दोन माणसांना महिन्याला तूर डाळ किलोभर, बाकीच्या डाळी पाव-अर्धा किलो आणि कडधान्यं एका वेळी दोनच, तीही अर्धा अर्धा किलो. ती संपली की दुसरी दोन. मटकी-चवळी एका महिन्यात, मसूर-वाटाणा पुढच्या. वर्षभरात सगळी खाऊन होतात आणि फळीवर कधीच दोनाहून जास्त बरण्या नसतात.

स्वस्त मिळालं म्हणून पाच किलो उचलणाऱ्यांसाठी: कडधान्य जुनं झालं, त्यात उबट आणि दमट जागी राहिलं, की कितीही शिट्ट्या करा, दाणा टणकच राहतो. लोक गॅसला आणि कुकरला शिव्या देतात. शिजताना आधीच आमसूल, चिंच, टोमॅटो घातला तरी तोच प्रकार. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावर.

आणि बाजरीचं पीठ आठवड्याचंच दळून आणा. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्यामुळे पीठ लवकर कडवट होतं. ज्वारीचं त्या मानानं टिकतं, पण जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते.

खलबत्ता :
शंकासुर, दोन-दोन कडधान्यांची पाळी लावायची कल्पना चांगली आहे, मीही उचलते. पण बायकांचं म्हणाल तर आमच्या घरी भाजणी माझा नवरा भाजतो, टीव्हीवर क्रिकेट लावून. कसोटी सामना त्याला पुरतो.

विदर्भाची_पोर :
कोणी उकडपेंडीचं नाव काढलं नाही! कणीक जराशी जाडसर असेल तर उत्तम, नसली तरी चालते. तेलावर खमंग, तांबूस होईस्तोवर भाजायची. वेगळ्या फोडणीत कांदा, मिरची, कढीपत्ता, त्यात भाजलेली कणीक, मीठ, चिमूटभर साखर, मग आंबट ताकाचे हबके मारत ढवळायचं आणि झाकण ठेवून दोन वाफा. मोकळी व्हायला हवी, लगदा नको. घरात कणीक आणि ताक असलं की झालं.

दुसरं, सांडगे आणि मुगाच्या वड्या. उन्हाळ्यात गावाकडून येतात. तेलात परतून कांद्याच्या रश्शात सोडल्या की भाजी तयार. हिरवी भाजी नसताना दाताखाली काहीतरी यावं असं वाटतं, ती हौस यानं भागते. आणि बेसनाच्या पाटवड्यांचा रस्सा आहेच, पण तो सुट्टीच्या दिवशी करा, नऊ वाजता नको.

मांजराकाठ :
लातूरकडचा आहे, म्हणून येसर सांगतो. बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभरा डाळ, थोडे तांदूळ असं भाजायचं, त्यात खडा मसाला भाजून घालायचा आणि सगळं एकत्र दळून ठेवायचं. प्रत्येक घरचं माप निराळं. आमटी करायची म्हणजे फोडणीत कांदा-लसूण, तिखट, पाणी, आणि पाण्यात कालवलेलं येसर. डाळ शिजवायची गरजच नाही, दाटपणा आणि मसाला एकाच डब्यातून येतो. आमच्याकडं लग्नाकार्यातही ही आमटी असते. भाकरी चुरून खायची, चमच्यानं नाही.

पाटावरवंटा :
मांजराकाठ, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय! माझ्यासारख्या नऊ वाजता घरी येणाऱ्यांसाठीच केल्यासारखं आहे. टिकतं किती?

मांजराकाठ :
कोरड्या बरणीत, कोरडा चमचा घातला तर आमच्याकडं महिनोन्महिने टिकतं. पण आमची हवा कोरडी. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा.

ऱ्हाइनकाठचा :
जर्मनीतून. इथे भारतीय दुकान लांब आणि महाग, पण तुर्की दुकान जवळजवळ प्रत्येक गावात असतं. तिथे लाल मसूर डाळ स्वस्त मिळते आणि ती कुकरशिवाय १५-२० मिनिटांत शिजते. माझी आमटी आता मसुराचीच असते. तूर सणापुरती. बुलगुर हा उकडून वाळवलेल्या गव्हाचा असतो, त्यामुळे आपल्या लापशी रव्यापेक्षा लवकर होतो. त्याचा उपमा फर्मास होतो. तीळ, चिंच, सुकी मिरची, काबुली हरभरे हेही तिथेच मिळतं.

एक सावधगिरी, कारण परदेशातल्या मराठी गटांत हा प्रकार पाहिलाय: कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकून ऑफिसला जाऊ नका. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात खळखळून दहा मिनिटं तरी उकळायचा, अर्धा तास असेल तर उत्तम. मग पुढे काय ते करा. प्रेशर कुकरला लावत असाल तर हा प्रश्न येत नाही.

आखाती_सुगरण :
परदेशाचा विषय निघालाय म्हणून: दुबई-अबूधाबीला येताना सामानात खसखस आणू नका, इथे बंदी आहे. सिंगापूरलाही चालत नाही. आईच्या गोड्या मसाल्यात खसखस असेल तर तिला आधीच न घालता करायला सांगा. तीळ आणि सुकं खोबरं जरा जास्त घेतलं की चव फारशी उणी होत नाही.

पाटावरवंटा :
किड्यांबद्दल सविस्तर सांगा ना कोणीतरी. मागच्या पावसाळ्यात भाड्याच्या घरात रव्यात जाळी धरली होती. शेजारच्या काकू तांदळाला बोरिक पावडर लाव म्हणतात.

खलबत्ता :
बोरिक अजिबात नको. पूर्वी सर्रास लावत, मान्य. पण ती खायची वस्तू नाही आणि एखाद्या घाईच्या सकाळी तांदूळ नीट धुतले जातीलच याची खात्री काय?

फ्रीझरचा एक कप्पा आहे म्हणालीस ना? रवा, बेसन, मैदा आणल्या आणल्या पिशवीसकट चार दिवस त्यात ठेव. पिठात आधीच असलेली अंडी त्यानं मरतात. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी फोडू नको, पूर्ण साध्या तापमानाला येऊ दे, नाहीतर आत ओल धरते आणि बुरशी येते. मग हवाबंद डब्यात. जुन्या डब्यावर नवं ओतायचं नाही. डबा रिकामा कर, धू, उन्हात खडखडीत वाळव आणि मग भर.

अख्ख्या डाळी-कडधान्यांना तळहाताला एरंडेल चोळून हलका हात फिरवलास तरी पुरतं. करताना धुऊन घ्यायचं. कडधान्याला ऊन दे, तांदळाला कडक ऊन देऊ नको, तडकतो आणि भाताचा चुरा होतो. तमालपत्र, लवंग, सुकी मिरची, कडुलिंबाचा वाळवलेला पाला हे सगळे घालतात. मीही घालते, पण भरवसा फ्रीझर आणि कोरड्या डब्यावर.

शंकासुर :
शेंगदाण्यांचं जोडतो. काळपट, सुरकुतलेले, बुरशी दिसणारे दाणे निवडून फेकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. "भाजलं की चालतं" असं आमच्याही घरी म्हणत. उपासाची भगरही सुटी, पोत्यातली घेऊ नका. खराब भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्र-महाशिवरात्रीला येतच असतात. पाकीटबंद, तारीख बघून घ्या. एरवी भगर आणि दाण्याची आमटी हे बिनउपासाच्या रात्रीसाठीही वीस मिनिटांचं उत्तम जेवण आहे.

नाचणीसत्त्व :
मला गहू चालत नाही, म्हणून दोन शब्द. भाजणीतला गहू सरळ वगळता येतो, त्याच्या जागी ज्वारी वाढवायची. लोकांच्या लक्षात न येणारी वस्तू म्हणजे हिंग. बाजारातला पुडीचा बांधानी हिंग डिंक आणि पीठ घालून केलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. पाकिटावरचा मजकूर वाचा, तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. मेतकुटातही गहू असतो. चक्कीवर दळताना आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं, त्यामुळे खरा त्रास असणाऱ्यांनी घरघंटी किंवा मिक्सर वापरावा.

मोडक्या_चाळीतला_मोहन :
मोडांसाठी माझी पद्धत. शनिवारी रात्री अर्धा किलो मटकी किंवा मूग भिजत घालायचे, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, रात्रीपर्यंत मोड येतात. थंडीत एक रात्र जास्त. एका वेळचे वाटे करून फ्रीझरला. उसळ करताना गोठलेलेच फोडणीत टाकायचे. कोशिंबिरीला नाही चालत, लिबलिबीत होतात, पण उसळीत कळत नाही. शेजारी आलं-लसूण-मिरचीच्या वाटणाच्या वड्या, बर्फाच्या साच्यात गोठवलेल्या.

लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची मात्र हौस करू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. वासावरून कळतही नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा, नाहीतर गोठवा.

तिरफळ :
मोहन, फडक्यात बांधल्यावर वर जड काही ठेवतोस का? माझे मोड बुटके राहतात.

मोडक्या_चाळीतला_मोहन :
नाही, पण फडकं ओलं राहायला हवं आणि गाठोडं घट्ट. चाळणीत ठेवून वर झाकण. पाणी साचलं की वास मारतो.

पाटावरवंटा :
कागदावर लिहून झालं. आमचे प्रकार निघाले: कुळथाचं पिठलं, खिचडी-कढी, मटकीची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं, थालीपीठ, उकडपेंडी, मेतकूट-भात. नवऱ्यानं शेवभाजी घुसवली, म्हणजे जाड तिखट शेवही आली. यादीतून पास्ता गेला, साबुदाणा त्यानं हट्टानं ठेवला. कडधान्यं शंकासुरांच्या हिशोबानं, या महिन्यात मटकी आणि काळा वाटाणा. येसरासाठी ऑफिसातल्या उदगीरच्या मैत्रिणीला गळ घातलीय.

आता अडलंय एवढंच की आमच्या सोसायटीजवळचा चक्कीवाला दोन किलोच्या खाली दळून देत नाही, आणि खलबत्ताताईंच्या मापानं भाजणी तेवढी भरत नाही. दुप्पट करू का?

खलबत्ता :
दुप्पट केलीस तर दोघांना पावसाळाभर पुरेल, आणि पावसाळ्यात ती संपेपर्यंत वास बदलतो. त्यापेक्षा तुझ्या मजल्यावर कोणाला हवी का विचार आणि अर्धी अर्धी वाटून घ्या. नाहीतर मिक्सरवर कर. भाजलेलं धान्य असल्यामुळे दळलं जातं, थोडं थोडं घालायचं, भांडं तापलं की थांबायचं आणि शेवटी चाळून घ्यायचं. किंचित भरड राहतं, पण थालीपिठाला ते उलट चांगलं.

चक्कीवर देणार असशील तर त्याला आधीच सांग, मिरची किंवा हळद दळल्यावर लगेच घालू नकोस म्हणून. गहू किंवा ज्वारीच्या मागून घाल म्हणावं.

विदर्भाची_पोर :
आणि डबा उघडा घेऊन चक्कीपाशी उभी राहा, निघून गेलीस तर दुसऱ्याचं बेसन घेऊन घरी येशील.